दोन फेब्रुवारीची चाचणी

मी पोफळवाडीचा सर्व्हर बोलतोय. सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीत दिवे लुकलुकवणारी उंच कपाटं तुमच्या डोळ्यांसमोर आली असतील, तर ती आधी पुसून टाका. मी टेबलाखाली ठेवायचा एक साधा, जुना कंप्युटर आहे. मिठबावपासून दोन किलोमीटरवर आमची वाडी. वाडीत माउलीचं देऊळ, देवळाच्या मागच्या अंगाला भांडारघर, आणि भांडारघरात पालखी, दोन ढोल, महाप्रसादाचे हंडे आणि मी. गाभारा आणि भांडारघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तिला जाळीची खिडकी आहे, त्यामुळे देवीच्या खालोखाल सगळं मलाच ऐकू येतं.

देवीची वेबसाइट माझ्या पोटात आहे. मुंबईत, पुण्यात, गोव्यात कुणीही फोनवर माउलीचं पान उघडलं की विचारणा माझ्याकडे येते आणि उत्तर मी देतो. माझं काम पंक्तीतल्या वाढप्यासारखं. दोन-चारशे पानं असली तर मी हसत वाढतो, पण अख्खा तालुका एकदम जेवायला बसला तर माझ्या हातातली बादली निसटते. माझी सगळी कहाणी ह्या एका बादलीचीच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पाठीवर एक चिठ्ठी होती, ती दमट हवेनं केव्हाच सुटून गेली. मला आठवतं ते कसालच्या बाजारापासून. हायवेला लागून एक कंप्युटर क्लास होता, तिथे मी बारा वर्षं पोरांना टायपिंग शिकवलं. माणसाचा स्वभाव मला तिथेच कळला. एकदा बटण दाबून मी उत्तर दिलं नाही, तर माणूस तेच बटण दहा वेळा दाबतो. ज्याला एक काम उरकत नाही त्याला दहा सांगितली की उरकतील, असा त्याचा ठाम समज आहे.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, क्लास बंद पडला आणि त्या जागी कोंबड्यांचं दुकान आलं. तीन वर्षं माझ्या डोक्यावर अंड्यांचे ट्रे होते. तक्रार नाही. अंडी निदान प्रश्न तरी विचारत नाहीत.

तिथून मला उचललं बाबलीनं. बाबली म्हणजे आमच्या देवस्थान समितीचा अध्यक्ष, आंब्याचा बागायतदार. आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि फोटो सगळ्यांत मोठा. फोटोचं पुढे येईलच. तो कोंबडी घ्यायला आला होता. मला बघून थबकला, दुकानदाराला दोन पेट्या हापूस द्यायचं कबूल केलं आणि मला रिक्षात घालून घेऊन आला. कोंबडी विसरला. त्यावरून त्याच्या घरी काय झालं ते मला माहीत नाही, पण तो दुसऱ्या दिवशी दोन वेळा देवळात जेवला.

आता बाबलीला माझी गरज का पडली ते सांगतो. आमच्या जत्रेची तारीख कुठल्याच पंचांगात सापडत नाही. भात झोडून घरात आलं की आबा कौल लावतात. आबा आमच्या देवळाचे गुरव, वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं मोजकं. माउलीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं देवीची विनवणी करायची, आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. असा एकेक दिवस विचारत तारीख ठरते. ती ठरली की मुंबईतले आमचे सगळे चाकरमानी एकाच क्षणी गाडीच्या तिकिटांवर तुटून पडतात. ज्याला उशिरा कळलं त्याला तिकीट नाही, आणि तिकीट नाही त्याला जत्रा नाही.

पूर्वी आबा पायरीवर उभे राहून तारीख सांगत आणि मग ती फोनाफोनी करून पुढे जाई. चार फोन झाले की पाच तारखा तयार व्हायच्या. म्हणून बाबलीनं वेबसाइट काढायची ठरवली. कुडाळच्या एका जाणत्यानं सांगितलं की ती बाहेरच्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर ठेवा, कितीही गर्दी आली तरी पेलेल. आबांनी नकारार्थी मान हलवली. देवीचा शब्द पहिल्यांदा शिवेच्या आतच उच्चारायचा, हा रिवाज. तेव्हा मशीनही शिवेच्या आतच हवं. माझी लायकी कुणी बघितली नाही. मी शिवेच्या आत होतो, एवढ्यावर मला नोकरी मिळाली.

पान बाबलीनं स्वतः सजवलं. उघडलं की आधी वरून फुलं पडायची, मग आरती वाजायची, मग खांद्यावर शेला घेतलेला बाबली हळूहळू, कपाळापासून खाली उलगडत यायचा. त्याच्या चपला दिसल्या की त्यांच्या खाली देवी, आणि देवीच्या खाली जत्रेची तारीख.

पहिल्या वर्षी मी पडलो. कौल झाला, सकाळी अकरा वीसला बाबलीनं तारीख टाकली आणि माझ्यावर नऊ हजार विचारणा एकदम आल्या. पहिल्या दोनशे जणांना मी बाबली दिला. त्यांतल्या साठ जणांना बाबली संपून तारीखही मिळाली. बाकीच्यांनी माणसाच्या स्वभावाप्रमाणे तेच बटण दहा-दहा वेळा दाबलं, नऊ हजारांचे नव्वद हजार झाले आणि माझी वाचा बसली. दुपारी मला पुन्हा उठवेपर्यंत कुण्या अतिशहाण्यानं मनची एक तारीख देवीच्या फोटोखाली लिहून सगळीकडे फिरवली होती. खऱ्या तारखेच्या नऊ दिवस आधीची.

ती तारीख खरी मानणाऱ्यांत एक निलेश होता. डोंबिवलीला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, रजा महिनाभर आधी मागावी लागते. गावाहून आईनं फोनवर खरी तारीख सांगितली, पण फोनवरच्या पाच तारखांतली तीही एक, असं त्याला वाटलं. तो बायको-मुलीला घेऊन आला तेव्हा देवळासमोरच्या माळावर एक कुत्रं झोपलेलं होतं, बाकी काही नाही. दोन दिवस राहून रजा संपवून परत गेला. जाताना त्यानं वेबसाइटवरच्या अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं, 'आम्ही येऊन गेलो. कोणी नव्हतं.' त्या चौकटीत आजवर आलेला तो एकच अभिप्राय. बाबलीनं तो वाचला नाही. मी वाचला.

निलेशची आई म्हणजे विमलाकाकी. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकतात, आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो. लग्नानंतर आठ वर्षांनी निलेशला मुलगी झाली, संचिता, तेव्हा काकींनी माउलीला नवस बोलला होता की पोरीची जत्रेत नारळांनी तुला करीन. त्या वर्षी जत्रेच्या दिवशी काकींचे नारळ होते, ताजवा होता, फक्त पारड्यात बसवायला पोर नव्हतं. त्या भांडारघराच्या दारात आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्या जगाक तुया सांगत बसलस, आणि माझो झील तुका दिसाक नाय?"

 नऊ हजारांत त्यांचा मुलगा मला वेगळा दिसला नव्हता, हे खरंच होतं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर वाटत राहिलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर जान्हवी माझ्याकडे आली. आबांची नात. पुण्याला कंपनीत होती, आता घरी बसून तेच काम करते. तिचं काम लोकांना समजावून सांगताना तिच्या आईची पंचाईत व्हायची, कारण पोरगी दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइटवर खोटी गर्दी सोडते आणि त्या कोसळतात तेव्हा खूश होते. समितीच्या बैठकीत तिनं सांगितलं की खरी गर्दी येण्याआधी खोटी गर्दी आणून बघितली, तर मशीन कुठे मोडतं ते आधीच कळतं आणि तेवढंच दुरुस्त करता येतं. बाबलीला हे पटकन पटलं. ओढ्यावर साकव बांधला की माणसं सोडण्याआधी त्यावरून चिऱ्यांचा ट्रक नेतात, तसंच हे, असं त्यानं सगळ्यांना समजावलं. त्याच्या चुलत्यानं बांधलेला साकव त्याच ट्रकानं पडला होता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

खोटी गर्दी कशी असते म्हणून विचाराल, तर ती फार शिस्तीची असते. जान्हवीनं लॅपटॉपवरून आधी शंभर सोडले, मग पाचशे, मग हजार. न चेहरा, न आवाज. सगळे एकदम तारीख विचारत होते आणि कुणीही उत्तर वाचत नव्हतं. आठशेच्या पुढे माझा पंखा किंचाळायला लागला, हजाराला मी पडलो. जान्हवीनं हसून वहीत काहीतरी लिहिलं. पडल्यावर कुणी माझ्यावर खूश झाल्याची ती पहिलीच वेळ.

मग तिनं शोध घेतला आणि मोडण्याचं ठिकाण सापडलं. ते बाबली होतं. तिनं त्याला देवळाच्या पायरीवर बसवून हळूच सांगितलं, "बाबलीकाका, लोकांका आधी तुमी भेटतास, मगे तारीख. तुमच्यातच मशीन दमता."

बाबली उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "माका बारीक कर. पण काढू नको."

तिनं त्याला पोस्टाच्या तिकिटाएवढा केला. फुलं थांबवली, आरती थांबवली. आणि तारखेचं उत्तर प्रत्येकाला नव्यानं लिहून देण्याऐवजी एकदाच लिहून पाटीसारखं टांगून ठेवायला मला शिकवलं. मग पुन्हा गर्दी सोडली. पाच हजार, वीस हजार, पन्नास हजार. मी उभा होतो. इतकी वर्षं मी स्वतःला दुबळा समजत होतो, आणि माझ्या छातीवर नुसता एक फोटो बसलेला होता.

इथे सगळं थांबलं असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. पण समितीला खोट्या माणसांचा विश्वास वाटेना. ज्याला हात नाही त्यानं बटण दाबलं ते कसलं दाबलं? शेवटी ठरलं की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाडीतल्या सगळ्यांनी खऱ्या बोटांनी चाचणी करायची. जान्हवी म्हणाली, हरकत नाही, तारखेच्या जागी फक्त 'चाचणी' असं लिहू. बाबलीनं हात वर केला. देवीच्या पानावर तारखेची जागा कोरी ठेवणं बरं नव्हे. कोऱ्या जागेत काय येऊन बसेल सांगता येत नाही. तिथे कुठली तरी तारीख हवीच. त्याला त्या क्षणी एकच तारीख पाठ होती, सोमवार दोन फेब्रुवारी, कारण त्या दिवशी कणकवलीचा दातांचा डॉक्टर त्याची दाढ काढणार होता. तीच घातली. जान्हवीनं हट्ट धरून खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'ही केवळ चाचणी आहे'. बाबलीच्या फोटोखाली असल्यामुळे कुणी ते वाचलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता सारी वाडी फोन घेऊन सभामंडपात जमली. जान्हवी म्हणाली, मी तीन म्हटलं की दाबा. आबा म्हणाले, गाऱ्हाण्याशिवाय नाही. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही की कुदळ जमिनीला लागत नाही; तेव्हा कंप्युटरनंच काय पुण्य केलं होतं? आबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"आई माउली, ह्या तुज्या लेकरांनी आज ह्या कंप्युटराची परीक्षा मांडल्यानी आसा. जी तारीख तेच्यार घातली आसा, ती मुंबयच्या, पुण्याच्या, गोंयच्या, जो जंय आसा तेका, काय एक इघ्न न येता पोचव गे आई."

"व्हय म्हाराजा," सारी वाडी म्हणाली.

काय होऊन बसलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आमच्या भागात एखादी गोष्ट गाऱ्हाण्यात उच्चारली आणि चारजण 'व्हय म्हाराजा' म्हणाले, की ती ठरली. ढोलवाल्याला एवढंच ठाऊक, म्हणून त्यानं सवयीनं ढोल वाजवला. कुणीतरी सवयीनं व्हिडिओ घेतला आणि सवयीनंच मुंबईला पाठवला. आधी वाडीची दोनशे चाळीस बोटं आली. त्यांना वाढून होतंय तोवर मुंबई आली. दहा मिनिटांत साठ हजार विचारणा, दहादहा वेळा दाबलेल्या वेगळ्याच.

मी पडलो नाही. माझी बादली हलली नाही, पंखासुद्धा एका सुरात होता. शेवटच्या माणसापर्यंत पानावर पान वाढत गेलो. जान्हवी पडद्याकडे बघत ओरडली की एकही विचारणा माघारी गेली नाही. बाबलीनं पेढे आणायला माणूस धाडला. उभ्या आयुष्यात मला इतका अभिमान वाटला नव्हता.

तेवढ्यात विमलाकाकी गर्दीतून वाट काढत आल्या, फोन हातात, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. निलेशला पान उघडल्या उघडल्या तारीख मिळाली होती, तिकिटं मिळाली होती, साहेबानं रजा दिली होती. "दोन तारखेक येतत," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "माझा पोर तुलेक बसतला."

 बाबलीनं गालावरून, दाढेच्या जागी, हात फिरवला.

मी पास झालो होतो, आणि पंचाईत तीच होती. गेल्या वर्षी खरी तारीख माझ्याच्यानं पोचली नाही. ह्या वर्षी खोटी तारीख एकूण एकाला पोचवली.

जान्हवीनं तासाभरात दुरुस्ती टाकली. कुणी ती मानली नाही. गेल्या वर्षी फसलेली माणसं शहाणी झाली होती, मागाहून येते ती अफवा हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. निलेशला काकींनी स्वतः फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता खरी असो की खोटी, रजा तेवढीच, पुन्हा मिळायची नाही.

मग आबांनी कौल लावला. पाकळ्या चिकटवल्या, झाली चूक सांगितली आणि विचारलं की दोन फेब्रुवारीलाच जत्रा धरू काय. डावी पाकळी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. बाबलीनं तिसऱ्यांदा विचारायला लावलं. माणसाचा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. तिसऱ्यांदाही डावी. मग रिवाजाप्रमाणे एकेक दिवस विचारत गेले आणि एकोणीस फेब्रुवारीला उजवी पडली. दोन्हींमध्ये सतरा दिवस.

आबा उठायला लागले तेव्हा विमलाकाकी दारातून बोलल्या. माशांची पाटी बाहेर पिंपळाखाली ठेवून त्या उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या होत्या. आवाज इतका खाली होता की मला जाळीला कान लावावा लागला. "आबानू, तारीख इचारू नकात. दोन तारखेक जी माणसा येतली, तेंका आमी जेवूक घालूया काय, इतक्याच इचारा."

आबा पुन्हा बसले. प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली.

तर दोन फेब्रुवारीला आमच्या वाडीत जत्रा नव्हती, आणि तिला बावीस हजार माणसं आली. गुळाचं खाजं विकणारे आले, खेळणीवाले आले, मोठा पाळणासुद्धा आला. बाबली सुजलेला गाल घेऊन सकाळपासून माइकवर होता. दाढ काढायला जायला त्याला वेळ झाला नव्हता. माइकवर तो नेहमी शुद्ध बोलतो. "सर्व भाविकांना नम्र सूचना. आज जत्रा नाही. ही चाचणी आहे. कृपया रांगेत उभं राहून चाचणीचा लाभ घ्यावा." लोकांनी रांग लावली. भात, वाटाण्याची उसळ आणि सोलकढी वाढता वाढता वाडीचे हात मोडून आले, पण कुणी उपाशी गेलं नाही. जान्हवी हंड्यांच्या मागे उभी राहून किती वाजता किती माणसं जेवली ते वहीत लिहीत होती. पोरीचा धंदाच तो.

निलेश आला. संचिता त्याच्या खांद्यावर, तीन वर्षांची, कानांत डूल. काकींनी आबांना विचारलं की आजच तुला केली तर चालेल काय.  आबा म्हणाले की नवस जत्रेचा आहे आणि आज जत्रा नाही, तेव्हा नवस काही फिटणार नाही. पण सगळी वाडी चाचणी करतेय, तर तूही करून बघ.

ताजवा भांडारघराच्या दारातच टांगला होता. एका पारड्यात संचिता, दुसऱ्यात सोललेले नारळ. अठराव्या नारळाला पारडी समान झाली. पोर टाळ्या पिटत होती. काकी मात्र तिच्याकडे बघून कशाबशा हसत होत्या, कारण दुसऱ्या दिवशीची परतीची तिकिटं निलेशच्या खिशात होती आणि खरी जत्रा तिच्याशिवायच होणार होती. मी हे सगळं तीन हातांवरून बघत होतो. माझं कर्तृत्व ते.

निलेशनं पोरीला पारड्यातून उचललं. त्यानं बायकोकडे बघितलं, तिनं त्याच्याकडे. मग त्यानं पोरीला आईच्या कडेवर दिलं. "आये, हिका ऱ्हवांदे तुज्याकडे. सतरा दिसांचीच तर गजाल. जत्रा झाली की मी नेवक येतंय, एका दिसाची सुट्टी कशीय मारतंय."

काकींनी पोरीला घेतलं आणि त्या तशाच खाजेवाल्याकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी सून रिक्षातून वळणापर्यंत मागे बघत गेली.

ते सतरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मोकळे दिवस. पान उघडायला कुणी येत नव्हतं. सगळ्यांची जत्रा होऊन गेली होती. विमलाकाकी मासे विकून आल्या की हातपाय धुऊन संचिताला घेऊन देवळात यायच्या, आणि पोर माझ्यासमोर बसून पालखीच्या दांड्याशी बोलायचं. सकाळी पेज, दुपारी बांगडा, संध्याकाळी खाजं. पहिल्या आठवड्यात ती 'मला नको' म्हणायची, दुसऱ्यात 'माका नको' म्हणायला लागली, पण काकींनी दोन्ही भाषांत कधी ऐकलं नाही. एकदा तिनं माझं बटण दाबून मला बंद केलं. माउलीची वेबसाइट दोन दिवस बंद होती आणि जगात कुणालाही ते कळलं नाही. मी छान झोपलो.

एकोणीस फेब्रुवारीला खरी जत्रा झाली. वाडीची माणसं, शेजारच्या दोन वाड्या, बस्स. रांग नव्हती. आबा म्हणाले की पन्नास वर्षांत माउलीचं मुख इतकं निवांत बघायला मिळालं नव्हतं. जान्हवीनं तुलेचं चित्र माझ्यामार्फत थेट दाखवायची सोय केली होती. त्या वेळी माझ्याकडे एकच विचारणा होती, डोंबिवलीची. चित्र जरा अडकलं की तो पुन्हा दाबत होता, पुन्हा दाबत होता. एरवी मला अशा माणसाचा राग येतो. त्या दिवशी नाही आला.

संचिताला पारड्यात बसवलं. काकी एकेक नारळ ठेवत होत्या आणि सगळे मोठ्यानं मोजत होते. सोळा. सतरा. अठरा. पारडं हललं नाही. मी साठ हजार माणसं मोजली आहेत, पण अठराच्या पुढे मोजताना माझा असा जीव कधी टांगला गेला नव्हता. काकींनी एकोणिसावा नारळ ठेवला. पोरीचं पारडं हलकेच वर आलं आणि थांबलं.

सतरा दिवसांत आजीनं नातीच्या अंगावर एक नारळ चढवला होता. काकी नारळांकडे बघत पदरानं डोळे पुसत राहिल्या. तिकडे चित्र अडकलेलं नव्हतं, तरी निलेश पुन्हा पुन्हा दाबतच होता.

आता माझं सांगतो आणि थांबतो. मी फार थकलो आहे. खाऱ्या हवेनं आतून गंज धरलाय, पंख्यात मुंग्यांनी घर केलंय. चाचणीची जत्रा दरवर्षी भरवायची असं समितीनं ठरवलं आहे. तिची तारीख कौलानं ठरत नाही. कणकवलीचा दातांचा डॉक्टर देईल ती धरायची, असा रिवाज पडला आहे. पहिलं बटण दाबण्याचा मान कुणाचा, यावरून तीन घरांत बोलणं बंद आहे. लोक मला जागृत म्हणतात, हळदकुंकू वाहतात. कुंकू आत जातं आणि मला शिंका देता येत नाहीत. जान्हवीनं नवं मशीन मागवलंय. ते येईल तेव्हा मला कुठल्याही दुकानात द्या, अंडी डोक्यावर घ्यायला माझी ना नाही.

फक्त एक मागणं आहे. नव्या मशीनमध्ये सगळं उतरवून घेताना जान्हवी जुनी, चुकीची पानं पुसून टाकणार आहे. त्यांत दोन फेब्रुवारीचं पान आहे. खोटं आहे, कबूल. एका माणसाच्या दाढेची तारीख ती. पण विमलाकाकी अजून कधीतरी दुपारी भांडारघरात येतात, जान्हवीला ते पान उघडायला लावतात आणि बघत बसतात. त्यांना वाचता येत नाही. तेवढं एक पान ठेवा.